वनप्रदेशातील बालसंगोपन : व्यवस्थापनाचे शिक्षण गावाजवळ हवे

बालसंगोपन हे घरातील स्त्रियांचे काम आहे आणि ते उपजतच येते, असा समज आपल्या समाजात फार जुना आहे. आपल्या पोटच्या मुलाच्या बाबतीत हा समज काही अंशी खरा मानता येईल. परंतु एका छपराखाली पंचवीस-तीस घरांची मुले एकत्र आली, त्यांच्या आहाराची, आरोग्याची, सुरक्षिततेची आणि शिक्षणाची जबाबदारी एक-दोन व्यक्तींवर सोपविली गेली, की ते काम केवळ मायेचे राहत नाही. त्याला नियोजन लागते, हिशेब लागतो, नोंदी लागतात, शरीरशास्त्राचे व मानसशास्त्राचे प्राथमिक ज्ञान लागते. अशा कामाला बालसंगोपनाचे व्यवस्थापन असे म्हटले जाते. हा विषय शिकविता येतो, शिकता येतो आणि तो शिकलेल्या व न शिकलेल्या कार्यकर्तीच्या कामात स्पष्ट फरक दिसतो. चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांच्या संदर्भात या विषयाच्या शिक्षणाचा विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रदेशाची ओळख

दि. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्यापैकी निम्म्याहून बराच अधिक भाग जंगलाने व्यापलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ इतकी होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक होते. जिल्ह्याचे ठिकाण उत्तरेला, तर सिरोंचा तालुका दक्षिणेच्या टोकाला. दोहोंमधील अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. भामरागड येथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्यांचा संगम होतो. पावसाळ्यात या नद्यांना पूर आला म्हणजे तेथील गावांचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क अनेकदा तुटतो.

या भूगोलाचा लहान मुलांच्या जीवनावर थेट परिणाम होतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याचा हंगाम असतो. त्यासाठी स्त्रिया पहाट फुटण्यापूर्वीच रानात जातात. एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपाने तोडण्याचे काम येते आणि कुटुंबेच्या कुटुंबे त्यात गुंततात. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. या तीनही हंगामांत आईने मुलाला बरोबर न्यावे तर ऊन, साप आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात वाघ यांचे भय असते. घरी ठेवावे तर सांभाळणार कोण, हा प्रश्न असतो. बहुतेक वेळा त्याचे उत्तर आठ-दहा वर्षांची थोरली बहीण हेच असते. तिची शाळा बुडते, आणि धाकट्या भावंडाला वेळेवर खाऊ घालणे, त्याचा ताप ओळखणे या गोष्टी तिच्या वयाला झेपणाऱ्या नसतात. म्हणजे एका मुलाच्या संगोपनाची व्यवस्था नसल्यामुळे दोन मुलांचे नुकसान होते.

बोर्डी आणि कोसबाड येथील धडा

महाराष्ट्रात या प्रश्नाचा शास्त्रीय विचार प्रथम झाला तो समुद्रकाठच्या बोर्डी या गावी. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरी पद्धती शहरातील सुस्थित मुलांपुरती राहू नये, ती खेड्यात व आदिवासी पाड्यांवर पोचावी या विचाराने ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) या त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात हलविण्यात आले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

बोर्डी येथील अनुभवाचा महत्त्वाचा भाग असा की, मध्यवर्ती बालवाडी उघडल्यावरही गरीब वस्त्यांतील मुले तेथे नियमितपणे येईनात. अशा वेळी पालकांना दोष न देता शिक्षिकाच मुलांच्या वस्तीत जाऊ लागली आणि एखाद्या घराच्या अंगणात मुले जमवू लागली. यातूनच ‘अंगणवाडी’ ही कल्पना व हा शब्द रूढ झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ची योजना करण्यात आली. धाकट्या भावंडाला पाळणाघरात ठेवून थोरली मुले त्याच आवारात शिकू शकत. महागड्या शैक्षणिक साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, माती अशा परिसरात मिळणाऱ्या वस्तू वापरात आल्या.

या सर्व प्रयोगांचा पाया प्रशिक्षण हा होता. बालवाडीच्या शिक्षिका तयार करण्याचे काम मुलांच्या प्रत्यक्ष सहवासात, त्याच आवारात चाले. सकाळी मुलांबरोबर काम, नंतर त्या कामाची चर्चा आणि पुढील दिवसाची तयारी, असा हा क्रम केवळ वर्गातील व्याख्यानांनी साध्य होणारा नाही. शिक्षण संस्था मुलांपासून दूर असेल तर प्रशिक्षणार्थीला पुस्तकातील मूल भेटते. वस्तीतील मूल भेटत नाही.

दि. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजनेला देशातील ३३ प्रकल्पांत प्रारंभ झाला. अमरावती जिल्ह्यातील धारणी हा आदिवासी विभाग महाराष्ट्रातील आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक होता. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका केंद्रातून देण्याची ही योजना होय. या केंद्राला नाव मिळाले ते ‘अंगणवाडी’. बोर्डीच्या अंगणातला शब्द अशा प्रकारे देशभर पोचला. शब्दाबरोबर तेथील प्रशिक्षणाची पद्धत किती पोचली, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

गडचिरोलीचा अनुभव

अल्पशिक्षित ग्रामीण स्त्री असे गुंतागुंतीचे काम शिकू शकेल काय, अशी शंका अनेकदा घेतली जाते. तिचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यातच मिळालेले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू केले. न्यूमोनिया ओळखण्याची साधी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे वयात ४० किंवा अधिक असतील, तर ते धोक्याचे लक्षण समजले जाते. परंतु गावातील सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल आणि तिच्याजवळ घड्याळही नसेल, तर हे ज्ञान तिच्या उपयोगाचे नाही. यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांची रांग असलेले साधे उपकरण तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा मणी सरकला तर बाळ आजारी आहे, असे समजावयाचे. या कामाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यानंतर ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. गावातील साक्षर स्त्रियांची आरोग्यदूत म्हणून निवड करण्यात आली. बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार ठेवणे, स्तनपानातील अडचणी सोडविणे, श्वास गुदमरलेल्या बाळाला मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे या गोष्टी त्यांना टप्प्याटप्प्याने शिकविण्यात आल्या आणि त्यांच्या कामाची नियमित तपासणी होत राहिली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाला. २०११ पासून केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली.

या अनुभवातून शिक्षणाच्या दृष्टीने तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. शिकणाऱ्या व्यक्तीच्या क्षमतेनुसार साधन घडवावे लागते. कौशल्य एकाच वेळी न शिकविता थोडे थोडे, सरावासह शिकवावे लागते. आणि प्रशिक्षण संपल्यावर देखरेख संपता कामा नये. ही त्रिसूत्री आरोग्यापुरती मर्यादित नाही. अंगणवाडी आणि पाळणाघर यांनाही ती तितकीच लागू पडते.

सामुदायिक महाविद्यालयाची कल्पना

आता प्रश्न उरतो तो हे शिक्षण कोठे व कसे द्यावे, याचा. अमेरिकेत १९०१ मध्ये जोलिएट येथे पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले आणि त्यातूनच पुढे सामुदायिक महाविद्यालयांची परंपरा विकसित झाली. स्थानिक लोकांना, नोकरी वा संसार सांभाळून, अल्प खर्चात व अल्प अंतरावर व्यवसायोपयोगी शिक्षण मिळावे, हा त्यांचा उद्देश. बालसंगोपन केंद्राचे व्यवस्थापन हा तेथील महाविद्यालयांत शिकविला जाणारा एक रूढ विषय आहे. त्या देशात १९७० च्या दशकात बालसेविकांसाठी जे प्रमाणपत्र सुरू झाले, त्यात लेखी परीक्षेपेक्षा मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करताना केलेल्या निरीक्षणाला महत्त्व देण्यात आले. आपल्या देशात १९९५ मध्ये पुदुच्चेरी येथे सामुदायिक महाविद्यालय सुरू झाले आणि नंतरच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा महाविद्यालयांसाठी योजना आखली. दूरशिक्षणाच्या मार्गाने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने बाल्यावस्थेतील संगोपन व शिक्षण या विषयाची पदविका उपलब्ध करून दिली.

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. त्यामुळे येथील महाविद्यालयांना स्थानिक गरजेनुसार अभ्यासक्रम आखण्यासाठी जवळचे पीठ मिळाले आहे. अंगणवाडी सेविकेसाठी बारावी उत्तीर्ण ही पात्रता महाराष्ट्रात २०२३ पासून ठरविण्यात आली आहे. त्याच वर्षी केंद्र शासनाने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला आणि २०२४ मध्ये तीन ते सहा वर्षे वयासाठी ‘आधारशिला’ व तीन वर्षांच्या आतील मुलांसाठी ‘नवचेतना’ हे आराखडे आले. म्हणजे पात्रता आहे, आराखडे आहेत. काही दिवसांच्या प्रशिक्षण वर्गांतून या आराखड्यांची ओळख होऊ शकते, परंतु केंद्र चालविण्याचे कौशल्य अंगी बाणण्यास अधिक कालावधी लागतो. तो कालावधी एटापल्ली वा कोरची येथील तरुणीला आपले गाव न सोडता मिळावयाचा असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी असलेले महाविद्यालय आणि त्याला जोडलेल्या आसपासच्या पाच-सहा अंगणवाड्या, अशी रचना सर्वात सोयीची ठरेल. आठवड्यातील दोन दिवस वर्ग व चार दिवस अंगणवाडीत काम, आणि मोह, तेंदू व रोवणी या हंगामांचा विचार करून आखलेले वेळापत्रक, असे तिचे स्वरूप असू शकते.

अभ्यासक्रमात काय असावे

पहिला विषय गावाचा कालदर्शक हा असावा. प्रशिक्षणार्थीने आपल्या गावातील बारा महिन्यांची कामे, सण, आजारांचे दिवस, रस्ता बंद होण्याचे दिवस आणि घरातील धान्य संपण्याचे दिवस एका तक्त्यावर मांडावेत. या तक्त्यावरून केंद्राची वेळ ठरते. मोहाच्या हंगामात स्त्रिया पहाटे चारला बाहेर पडत असतील, तर दहा वाजता उघडणारे केंद्र त्यांच्या उपयोगाचे नाही. वेळ बदलण्यासाठी कोणाशी बोलावयाचे, मदतनिसाची पाळी कशी लावावयाची, सकाळचा खाऊ कोणत्या वेळी द्यावयाचा, या सर्व गोष्टी व्यवस्थापनाच्या आहेत.

दुसरा विषय भाषा. या प्रदेशात माडिया व गोंडी बोलणारी मुले आहेत. पूर्वेकडे छत्तीसगढी, सिरोंचा परिसरात तेलुगू, चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांतील काही गावांत बंगाली, तर मोठ्या भागात झाडीबोली बोलली जाते. तीन वर्षांचे मूल घरून आणलेल्या भाषेतच भूक, दुखणे व भीती सांगते. ते ज्या सेविकेला समजत नाही, तिला त्या मुलाचे संगोपन पूर्णपणे करता येत नाही. म्हणून प्रशिक्षणार्थीने स्थानिक बोलीतील शब्द, खेळ, बडबडगीते व गोष्टी गोळा करून त्यांची वही तयार करावी. मराठीकडे मुलांना याच वाटेने, हळूहळू नेता येते.

तिसरा विषय मुलांच्या संख्येचा व सेवकवर्गाचा. पाळणाघरासाठी २०१८ मध्ये केंद्र शासनाने दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन वर्षांच्या आतील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असावी. तान्ह्या मुलाची झोप, दूध, शी-शू आणि रांगत्या मुलाची चुलीपासून, विहिरीपासून व विळीपासून राखण, ही कामे एकाच वेळी चालू असतात. तेव्हा हे प्रमाण केवळ कागदापुरते मानता येत नाही.

चौथा विषय वाढीचे मापन व आजारांची ओळख हा होय. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे नवजात बाळ जोखमीचे समजावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित, आणि साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटर असेल तर मध्यम कुपोषित समजले जाते. दंडाची पट्टी फार घट्ट ओढली किंवा फार सैल धरली तर हे वर्गीकरणच चुकते. म्हणून एकाच मुलाचे माप दोघींनी स्वतंत्रपणे घेऊन ताडून पाहणे, हा वर्गातील नेहमीचा सराव असावा.

आहाराचा हिशेब : एक उदाहरण

व्यवस्थापनातील गणित किती महत्त्वाचे असते, हे पुढील उदाहरणावरून लक्षात येईल. हे उदाहरण केवळ सरावासाठी आहे. समजा, एका केंद्राच्या पटावर ३० मुले असून उन्हाळ्यातील सरासरी उपस्थिती २४ आहे. दर मुलास दिवसाला ७० ग्रॅम तांदूळ लागतो असे धरल्यास रोजचा तांदूळ १ किलो ६८० ग्रॅम होतो. महिन्याला २५ दिवस केंद्र चालते. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत रस्ता बंद होण्याचा संभव असल्याने सेविकेने ७५ दिवसांचा साठा आगाऊ मागविला. तो १२६ किलो झाला.

परंतु रोवणी सुरू होताच सर्व माता बांधीवर जाऊ लागल्या आणि सर्वच्या सर्व ३० मुले केंद्रात येऊ लागली. आता रोजचा तांदूळ २ किलो १०० ग्रॅम लागू लागला. १२६ किलोंना २ किलो १०० ग्रॅमने भागले असता ६० येतात. म्हणजे ७५ दिवसांचा साठा ६० दिवसांत संपतो आणि शेवटचे १५ दिवस चूल पेटत नाही. हे १५ दिवस नेमके असे असतात की, घरातील धान्यही संपत आलेले असते, नाल्याला पाणी असते आणि हगवण व हिवताप यांचा जोर असतो. एखादे मध्यम कुपोषित मूल तीव्र कुपोषणाच्या रेषेखाली जाण्यास एवढा अवधी पुरेसा असतो.

येथे धान्याची चोरी झालेली नाही, कोणी कामचुकारपणाही केलेला नाही. चूक झाली ती उन्हाळ्याच्या उपस्थितीवरून पावसाळ्याची मागणी काढण्यात. गावाचा कालदर्शक समोर असता, तर मागणी पूर्ण पटावर, म्हणजे १५७ किलो ५०० ग्रॅम केली गेली असती. तांदळाबरोबरच डाळ, तेल, मीठ, जळण, साठवणीची कोरडी जागा व उंदरांपासून बचाव यांचाही असाच विचार करावा लागतो. पूरक आहाराच्या २०२३ पूर्वीच्या निकषाप्रमाणे सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला दररोज ५०० किलो कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, आणि तीव्र कुपोषित मुलाला ८०० किलो कॅलरी व २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित होते. केंद्राच्या आवारातील शेवगा, परसबागेतील भाजी, पावसाळ्यात सहज मिळणारा तरोटा यांचा उपयोगही प्रशिक्षणार्थीने शिकून घ्यावा. आदिवासी भागात २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेने गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देण्याचे तत्त्व स्वीकारले. तेव्हा मातांच्या जेवणाचा हिशेबही याच अभ्यासात येतो.

नोंदवही खरी असावी

अभ्यासक्रमातील सर्वात अवघड विषय नोंदी ठेवण्याचा आहे, कारण त्यात कौशल्याबरोबर सचोटीही लागते. महाराष्ट्रातील बालमृत्यूंची नोंद प्रत्यक्षापेक्षा कमी होत असल्याचे ‘कोवळी पानगळ’ या २००१ मधील अहवालाने दाखवून दिले. जन्मून काही तासांत दगावलेल्या बाळाची ‘उपजत मृत’ अशी नोंद होणे, माहेरी वा दूरच्या टोल्यावर झालेला मृत्यू कोणत्याच वहीत न येणे, अशी याची कारणे असतात. जे मूल वहीत नाही, त्याच्या मृत्यूचे कारण शोधले जात नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच कारणाने दुसरे मूल दगावू शकते.

वजनाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. मुलाचे घटलेले वजन लिहिले तर आपल्याला जाब विचारला जाईल, या भीतीने सेविका गेल्या महिन्याचाच आकडा पुन्हा लिहीत असेल, तर तो दोष तिच्या एकटीचा नाही. वरिष्ठांनी घटलेल्या वजनाची नोंद म्हणजे कामातील कसूर न मानता मदतीची मागणी मानली पाहिजे. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाईलवरील प्रणालीत माहिती भरली जाते. साधन कागदाचे असो वा मोबाईलचे, त्यात जाणारा आकडा तराजूवरूनच आलेला असावा, ही शिकवण प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून दिली जावी. भेटीस आलेल्या पर्यवेक्षिकेने वही तपासण्यापूर्वी दोन-तीन मुलांचे वजन स्वतः करून पाहिले, तर ही शिकवण अधिक पक्की होईल.

कोणी काय करावे

ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, अशी तरतूद आहे. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी विकासाच्या निधीतील ५ टक्के हिस्सा थेट मिळण्याची व्यवस्था झाली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपाने यांचा व्यवहार स्वतः करू लागल्या. ज्या हंगामात गावाला उत्पन्न मिळते, त्याच हंगामात लहान मुले सर्वाधिक उघड्यावर असतात. तेंदूच्या हंगामापुरते पाळणाघर चालविण्याचा ठराव ग्रामसभेने केला, जागा, पाणी व सावली यांची व्यवस्था केली आणि गावातील एका तरुणीला या अभ्यासक्रमासाठी पाठविले, तर तो खर्च गावाच्या उत्पन्नाचाच एक भाग मानावा लागेल. कामाच्या ठिकाणी लहान मुलांची सोय हवी, हे तत्त्व नवे नाही. दिल्लीत १९६९ मध्ये बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाईल क्रेशेस’चे कार्य सुरू झाले, २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातही सहा वर्षांच्या आतील पाच वा अधिक मुले कामावर आल्यास त्यांच्यासाठी एक स्त्री नेमण्याची तरतूद करण्यात आली होती.

प्राथमिक शिक्षकांनी आपल्या हजेरीपटाकडे या दृष्टीने पाहावे. मोह, तेंदू व रोवणी या दिवसांत गैरहजर राहणाऱ्या मुलींची यादी केली, तर त्यांपैकी किती जणी धाकट्या भावंडांसाठी घरी राहतात, हे कळून येईल. अशी यादी अंगणवाडी सेविकेला व ग्रामपंचायतीला दिली की, केंद्राची वेळ वाढविण्याची गरज पुराव्यानिशी मांडता येते. शाळा व अंगणवाडी एकाच आवारात असल्यास विकासवाडीची कल्पना येथेही साकारता येईल.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. महाविद्यालयाशी जोडलेल्या अंगणवाड्यांना सरावाची केंद्रे म्हणून मान्यता द्यावी. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या सेविका व मदतनिसांना सेवेत त्याचा लाभ मिळावा, म्हणजे शिकण्याची ओढ टिकेल. आणि ज्या अनुभवी सेविकांनी वीस-पंचवीस वर्षे दुर्गम गावांत काम केले आहे, त्यांना या महाविद्यालयांत मार्गदर्शक म्हणून बोलवावे. पुरातून वाट काढून लसीकरणाचे सत्र कसे पार पाडावे किंवा रुसलेल्या सासूची समजूत कशी घालावी, हे त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी शिकवू शकणार नाही.

बोर्डीला शिक्षिका मुलांच्या अंगणात गेली. गडचिरोलीत वैद्यकशास्त्र सुईणीच्या हातात पोचले. त्याच मार्गाने व्यवस्थापनाचे शिक्षणही गावाजवळ गेले पाहिजे. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावाचा कालदर्शक अंगणवाडी सेविकेबरोबर बसून तयार करावा आणि पावसाळ्याच्या साठ्याची मागणी पूर्ण पटावर करावी. यासाठी स्वतंत्र आदेशाची किंवा निधीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.